भात कोणी शिजवला

फेब्रुवारीतला पहिला गुरुवार. सकाळची वेळ. जागा: आमच्या धान संशोधन केंद्राचा हॉल.

हजर: केंद्राचे प्रमुख, त्यांना आम्ही सर म्हणतो. नव्याने रुजू झालेल्या शास्त्रज्ञ मॅडम. भात चाखायला आलेले आठ शेतकरी, त्यांत दोन बाया. या आठांत वयाने, जमिनीने आणि आवाजाने मोठे असलेले काकाजी. विश्रामगृहाचे स्वयंपाकी, महाराज.

आणि मी. प्रयोगशाळा सहाय्यक, बी.एस्सी., पन्नाशीला टेकलेली. पण मी हॉलमध्ये नव्हते. हॉल आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक दार आहे. त्या दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. दार बोटभर उघडं होतं.

महाराजांच्या अंगावर माझा ॲप्रन होता.

महाराज अंगाने भारी. पोटावरची बटणं लागत नव्हती. खिशाजवळ माझ्या पेनाचा निळा डाग होता, तो मला दारातूनही दिसत होता. महाराज हात पुढे बांधून उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

सर म्हणाले, "आजचा सगळा भात आमच्या महाराजांनी शिजवलाय. अगदी शुद्ध, घरच्यासारखा."

काकाजींनी महाराजांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "महाराज, कोनीकडचे जी?"

"राजनांदगाँव तरफ के हैं, काकाजी."

"मंग ठीक."

सगळे हसले. थोडंसंच, सुटका झाल्यासारखं. हात धुऊन बसले. आणि माझ्या हातचा भात खाऊ लागले.

हो, माझ्या हातचा. पाच वाणांचा भात. पाच सारखे गंज, म्हणजे पातेली, पाच सारख्या शेगड्या. तांदूळ मी मोजला, मी धुतला, मी भिजत घातला. पाणी मी मोजून ओतलं. महाराज त्या वेळी व्हरांड्यात विडी ओढत होते. भात उतरला तेव्हा मी त्यांना हाक मारली, ॲप्रन दिला आणि म्हटलं, "महाराज, गंज आणि वाट्या हॉलमध्ये याच क्रमाने न्यायच्या. उलटसुलट करू नका."

त्यांनी ॲप्रन घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बहनजी, हमको ठीक नहीं लग रहा है."

मी म्हटलं, "चालेल. घाला."

हा शब्द लक्षात ठेवा. चालेल. माझ्या सगळ्या नोकरीत मी हा शब्द जितका वापरला, तितका दुसरा कोणताच नाही.

काम काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची संस्था खासगी आहे. नाव सांगत नाही. धानाचे नवे वाण तयार करते. वाण तयार झाला म्हणजे त्याचं उत्पन्न बघतात, रोग बघतात, गिरणीत तुकडा किती पडतो ते बघतात. शेवटी एक साधी गोष्ट उरते. शिजवून कसा लागतो? ती कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही. त्यासाठी माणसं लागतात. त्यांच्यापुढे सारख्या वाट्या ठेवायच्या, वाटीवर फक्त एक क्रमांक. कोणत्या वाटीत कोणता वाण आहे ते चाखणाऱ्याला सांगायचं नाही. त्यांनी चाखायचं, मध्ये पाण्याने चूळ भरायची आणि कागदावर गुण द्यायचे. मऊ की फडफडीत. मोकळा की चिकट. वास कसा. चव कशी.

आधीच्या वर्षांत हे काम ऑफिसातल्याच लोकांवर व्हायचं. भात मीच शिजवायची. सगळे खायचे. कारकून दुसऱ्यांदा मागून घ्यायचे, "ताई, त्या तीन नंबरवर थोडं वरण मिळेल का?" म्हणायचे. कोणाला काही झालं नाही. मलाही वाटलं, हे आपलं जग. इथे वजन-मापं आहेत, इथे आडनाव नाही.

या वर्षी वरून सांगणं आलं, चाखणारे शेतकरीच हवेत. बरोबरच होतं. जो पिकवणार त्याने खाऊन बघावं. मी यादी केली, फोन केले, माणसं जमवली. चाखणीच्या आठवडाभर आधी त्यांना बोलावून मॅडमनी पद्धत समजावली. तिथेच काकाजी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. इटियाडोह धरणाच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर, त्यांची मोठी जमीन. मागच्या पिढ्या माळव्यातून आल्या, हे ते दुसऱ्या वाक्यात सांगतात.

"बाई, तुमी कोन्या गावच्या?"

"माहेर सौंदड. आता मुर्रीत राहते."

"सौंदडात कोनाची?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

ते थांबले. मनातल्या मनात गाव फिरून आले. "म्हंजे ठेसनाकडची का नहराकडची?"

आमच्याकडे हा प्रश्न कोणी घराचा पत्ता शोधायला विचारत नाही. मी सांगितलं कुठली ते. लपवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बौद्ध. गावात अजून जुन्याच नावाने ओळखतात.

"हं," काकाजी म्हणाले.

एवढंच. शिवी नाही, आवाज नाही. फक्त हं. त्यानंतर त्यांना माझ्याकडून काही हवं असलं की ते मॅडमना सांगायचे. मी समोर उभी असतानाही.

दोन दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. ते एरवी बसा म्हणत नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"काकाजींचा फोन होता," सर म्हणाले. "वाईट काही बोलले नाहीत हं. माणूस चांगला आहे. फक्त म्हणाले, बायामाणसं घरी विचारतील, भात कोणी केला म्हणून. त्यांच्याबरोबर बाकीचे पण उठतील. तुम्हाला कळतंय ना?"

मी मान हलवली.

"हा वाण पुढे जायचा तर ही चाखणी व्हायलाच हवी. तुमचीसुद्धा मेहनत आहे त्यात. एक करू. शिजवा तुम्हीच. तुमच्याशिवाय कोण करणार? फक्त समोर महाराज उभे राहतील. तास-दीड तासाचा प्रश्न आहे. तुम्ही समजूतदार आहात."

"चालेल सर."

मी केबिनमधून बाहेर आले आणि कामाला लागले. मला याद्या करायची सवय आहे. लग्नाआधीपासूनची. यादी केली की डोकं थंड राहतं. चाखणीच्या तयारीची यादी माझ्याच हातची. वाट्या, चमचे, चिकटपट्ट्या, क्रमांक, चूळ भरायला ग्लास, गुणांचे कागद, पेन. आणि त्याच ओळीत, त्याच अक्षरात: ॲप्रन धुणे, इस्त्री करणे, महाराजांना देणे.

मी लिहिलं ते. मीच. काम झालं तेव्हा त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

ही खूण मला काकाजींच्या 'हं'पेक्षा जास्त टोचते. कोणी मला ढकललं असतं, शिवी दिली असती, तर मी काहीतरी केलं असतं. पण मला कोणी ढकललं नाही. मला फक्त एक काम सांगितलं, आणि मी ते नीट केलं. माझा अपमान मी इस्त्री करून, घडी घालून दिला.

तर मी दारामागे होते. हॉलमध्ये चाखणी चालली होती.

बोलायचं नाही असा नियम होता. पण आमच्याकडची माणसं भात खाताना गप्प बसतील हे कसं होणार? दोन बायांपैकी एक, तिला सगळे वयनी म्हणत होते, दुसरी वाटी चाखून म्हणाली, "हा तं माह्या सासऱ्यासारखा हाय. कितीही शिजवा, नरम पडतच नाई."

"वयनी, गुन द्या, सासरा नोका काढू," शेजारचा तरुण शेतकरी म्हणाला.

"देऊन राहिले ना! सासऱ्याले कोनी पाच गुन देते का?"

हॉल हसला. मॅडम हसल्या. मला दारामागे हसू आलं आणि मी तोंडावर हात ठेवला. आवाज बाहेर जाईल म्हणून. मी माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच भातावरच्या विनोदाला, तोंड दाबून हसत होते. तेव्हा पहिल्यांदा कानशिलं गरम झाली.

हातातला फोन थरथरला. केंद्राचा व्हॉट्सॲप ग्रुप. सरांनी फोटो टाकला होता. मधोमध महाराज, माझा ॲप्रन, पुढे पाच गंज. खाली लिहिलं होतं: आजचे शेफ! लगेच अंगठे यायला लागले. हिशेबवाल्याचा अंगठा, गोदामवाल्याचा अंगठा, गेटवरच्या चौकीदाराचा अंगठा. या सगळ्यांना माहीत होतं भात कोण शिजवतं. सगळ्यांनी तो खाल्ला होता. कोणी लिहिलं, "वाह महाराज!"

एकानेही विचारलं नाही, ताई कुठे आहेत.

मला रडू आलं नाही. लाज वाटली. लाज ही विचित्र गोष्ट आहे. ज्याने करायला नको ते केलं, त्याला ती वाटायला हवी. ती हॉलमध्ये एकालाही वाटत नव्हती. सगळ्यांच्या वाट्याची माझ्याच अंगावर आली होती.  मला वाटलं दार लावून घ्यावं आणि मागच्या फाटकाने निघून जावं.

गेले असते. नेहमीसारखी.

चाखणी संपली. कागद गोळा झाले. काकाजी उठून गंजांपाशी आले. त्यांना तिसऱ्या गंजातला भात आवडला होता. झाकण उचलून वास घेतला. म्हणाले, "महाराज, तुमच्या हाताले चव हाय बाप्पा. असा मोकळा भात लग्नातही भेटत नाई."

महाराज खाली बघत म्हणाले, "सब भगवान की दया है."

मग काकाजींनी बाकीच्या गंजांत डोकावलं. भात बराच उरला होता. आम्ही नेहमी जास्तच शिजवतो. ते सरांकडे वळले आणि अगदी मायेने, खरोखर मायेने म्हणाले,

"साहेब, येवढा भात वाया कायले घालवता? तुमची ते सौंदडची बाई हाय ना, तिले देऊन टाका. नेईन घरी. पोरायले होते."

सर म्हणाले, "हो हो, देतो ना."

मी नववीत असेन तेव्हाची गोष्ट. आई सौंदडजवळच्या एका मोठ्या घरच्या धानाच्या बांधीत रोवण्याला, म्हणजे लावणीला, जायची. त्या घरी लग्न होतं. पंगती उठल्या, मग आम्हाला मागच्या अंगणात बोलावलं. आईने गंज धरला. घरच्या बाईने वरून, हात लांब करून, भात टाकला. गंजाला झारा लागू नये म्हणून. भात थोडा गंजात पडला, थोडा आईच्या मनगटावर. गरम होता. आईने हात हलवला नाही. हलवला असता तर भात सांडला असता. वरून बाई म्हणाली, "ने, पोरायले होते." तीसुद्धा मायेनेच म्हणाली होती.

मी तेव्हा आईला विचारलं, "आपून त्यायले भात देला तं ते खाईन का?" आई म्हणाली, "चूप राह्य. चाल."

त्या वेळी मिळालं नाही ते उत्तर मला आता दारामागे मिळालं. शिजलेला भात आमच्याकडे नहराच्या पाण्यासारखा आहे. एकाच बाजूने वाहतो. त्यांच्याकडून आमच्याकडे. कोरडे तांदूळ कोणाच्याही हातचे चालतात. रोवणं, निंदणं, कापणं, कांडणं, सगळं आमच्या हातचं चालतं. मी यंत्रात दाणा मोजला, चालला. पण त्यात पाणी घालून खाली विस्तव लावला की दिशा ठरते. आणि आज तर मीच शिजवलेला भात मलाच दान म्हणून येत होता. मधे फक्त एका ॲप्रनचा फेरा.

मी दार उघडलं.

कसं उघडलं ते आठवत नाही. ठरवून नाही. मी कोणतीही गोष्ट ठरवल्याशिवाय करत नाही, पण ही केली. हॉलमध्ये आले, गंजांच्या आणि काकाजींच्या मधे उभी राहिले. 

"काकाजी, हा भात मी शिजवला. पाचही गंज. महाराजांनी फक्त ॲप्रन घातला."

 वयनी एका बाजूला उभ्या होत्या. जाता जाता म्हणून त्यांनी आवडत्या गंजातला एक घास तोंडात टाकला होता. तो तोंडातच राहिला. गाल फुगलेला. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या गळ्याकडे. थुंकतील का? एवढ्या साध्या गोष्टीवर माझं सगळं शिक्षण, सगळी नोकरी येऊन थांबली होती. एका बाईच्या गळ्यावर.

त्यांनी गिळला. आणि लगेच पदर सावरून दाराबाहेर गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

काकाजी माझ्याशी बोलले नाहीत. ते माझ्या खांद्यावरून सरांकडे बघत म्हणाले, "साहेब, आमाले खोटं काऊन सांगतलं? आमी इज्जतीनं आलो होतो इथं."

"काकाजी, गैरसमज..."

"कायचा गैरसमज? माहा कागद वापस द्या."

तो तरुण शेतकरी अजून खुर्चीवरच होता. म्हणाला, "काकाजी, आता पोटात गेला. आता कायले? बेकरीची खारी खाता तवा पुसता का, कोन भाजली?"

"तू चूप रे. तुह्या बापाले सांगतो."

"सांगा ना. तोही खाते खारी."

कोणी हसलं नाही. काकाजींनी गठ्ठ्यातून आपला कागद शोधून काढला, चार तुकडे केले, खिशात टाकले. इथे टाकायलाही नको होते त्यांना. त्यांच्यामागे आणखी दोघांनी कागद मागून घेतले.  हॉल रिकामा झाला. महाराजांनी ॲप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "बहनजी, हम पेट के मारे हैं." मी त्यांना काही म्हटलं नाही. त्यांनाही सरांनी सांगितलंच होतं. आणि त्यांनीही चालेल म्हटलं होतं.

मग सर. ते ओरडले नाहीत. ओरडण्यापेक्षा वाईट, ते समजावू लागले.

"तुम्ही प्रयोग वाया घालवला. एवढा हंगाम. चाखणाऱ्याला काही माहीत नसावं हा पहिला नियम. नव्या पोरांना तुम्हीच शिकवता ना?"

मी म्हटलं, "कोणत्या वाटीत कोणता वाण, हे माहीत नसावं, सर. कोणी शिजवला हे कळू नये असा नियम नाही. आणि असता, तर महाराजांचं नाव तरी कशाला सांगितलं?"

सरांनी उरलेले कागद फाइलमध्ये घातले. मग म्हणाले, "तुम्हाला दीड तास धीर धरवला नाही."

मी म्हटलं, "नाही धरवला."

संध्याकाळी वाट्या मीच धुतल्या. उरलेला भात मी घरी नेला नाही. केंद्राच्या मागे कोंबड्या असतात, त्यांना टाकला. त्यांनी पाचही वाण खाल्ले.

मॅडम नळापाशी आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, नाशिककडच्या. म्हणाल्या, "ताई, मला आधी का नाही सांगितलं?"

"मॅडम, ॲप्रन तुम्ही बघितला होता."

त्या खाली बघू लागल्या. "मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

वाटणारच. मीच तसं वाटू दिलं होतं.

लोक म्हणतात, बोलून टाकलं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. घरी मी कोणाला काही सांगितलं नाही. रोज सकाळी गाडी काढताना लाज माझ्या मागच्या सीटवर बसायची. दार उघडलं म्हणून नाही. इतका वेळ ते उघडलं नाही म्हणून. आणि त्याहून जास्त यासाठी, की काकाजींनी उरलेला भात मला द्या म्हटलं नसतं, तर मी ते उघडलंच नसतं. मी दारामागे उभी राहिले असते, सगळे गेल्यावर वाट्या धुतल्या असत्या, अहवाल टंकला असता. त्यात लिहिलं असतं: भात प्रमाणित पद्धतीने शिजवण्यात आला. कोणी शिजवला, ते लिहिलं नसतं. आणि पुढच्या वर्षी यादीत पुन्हा तीच ओळ आली असती.

मला लेखी खुलासा मागितला. शिस्तभंग का समजू नये, म्हणून. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि गोदामात पोती मोजायला बसवलं. खुलासा मी एका पानाचा दिला. माफी मागितली नाही, रागही लिहिला नाही. काय घडलं ते क्रमाने लिहिलं. शेवटी लिहिलं की सकाळी हॉलमध्ये जे सांगितलं गेलं ते खोटं होतं, आणि खोट्यावर घेतलेले गुण मी अहवालात भरणार नाही. खाली सही.

त्यावर अजून उत्तर नाही.

पण उरलेल्या कागदांवर काम चालत नव्हतं. चाखणी पुन्हा घ्यावी लागणार होती, आणि ती केल्याशिवाय वाण पुढे जाणार नव्हता. महाराजांना पाणी मोजता येत नाही. मॅडमनी एकदा शिजवून बघितला, दोन गंज करपले, तिसऱ्याची पेज झाली. मग एका दुपारी सरांनी गोदामात येऊन किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "करा तुमच्या पद्धतीने," म्हणाले. "फक्त तमाशा नको."

मी चालेल म्हटलं नाही. मी म्हटलं, "तीन गोष्टी, सर. शिजवणार मी, आणि समोर उभी राहणार मी. अहवालात शिजवणाऱ्याचं नाव येणार. आणि चाखणाऱ्यांची यादी मी वाढवणार."

"वाढवणार म्हणजे?"

"धान रोवणाऱ्या बायाही शेतकरीच आहेत."

ते किल्ली तशीच ठेवून निघाले. ते हो आहे असं मी धरलं.

मुर्रीत माझ्या घरामागच्या वस्तीत रोवणा करणाऱ्या बाया राहतात. त्यांच्याकडे गेले. त्यांतली एक म्हणाली, "आमाले कायले बोलावता बाई? आमी तं राशनचाच खाऊन राहिलो. आमाले कायची चव समजते?"

मी म्हटलं, "जलमभर धान रोवलं, तुले नाई समजत तं कोनाले समजते?"

ती हसली. "मंग गुन कोन देईन? मी? मले तं लिहिता येत नाई."

"तू सांग. मी लिहीन."

त्या येणार आहेत. तरुण शेतकऱ्याला फोन केला, तोही येणार. वयनींनी फोन उचलला, म्हणाल्या, "घरी पुसून सांगते." त्यांचा फोन अजून आला नाही. मी पुन्हा करणार नाही. त्या दिवशी त्यांनी गिळला, तेवढं मला माहीत आहे. नळावर काय केलं ते मी विचारणार नाही.

आता एकच फोन राहिला आहे. काकाजींचा.

मॅडम म्हणतात, सोडा त्यांना. सर म्हणतात, त्यांना मी बोलतो. मी दोघांनाही नाही म्हटलं. चाखणारे मी जमवले होते, बोलावणं मीच करणार. रोज सकाळी नंबर काढते आणि रोज अंगठा थांबतो. मला थांबवते ती भीती नाही. तीच लाज आहे, जुनी, मनगटावर भात पडताना हात न हलवणारी. ती जाईपर्यंत थांबायचं ठरवलं तर हा फोन कधीच होणार नाही. म्हणून तिच्यासकटच करायचा आहे.

काय बोलायचं ते ठरलं आहे. चाखणी पुन्हा आहे. भात मी शिजवणार आहे. शेजारच्या खुर्चीवर रोवण्याच्या बाया बसतील, त्याच वाट्या, तेच चमचे. यायचं असेल तर या. नसेल यायचं तर नका येऊ. पण तुमची वाटी तुमच्या घरी पाठवणार नाही, आणि उरलेला भात कोणी कोणाला दान करणार नाही.

नमुने शीतपेटीत आहेत. गंज घासून ठेवले आहेत. चाखणीचा दिवस ठरायचा आहे, कारण तो फोन अजून केलेला नाही.